सिरॅमिक कोटिंगचा पोपडा उलटा करून वाचायचा

गाडीच्या एक्झॉस्ट पाइपवर मारायच्या सिरॅमिक कोटिंगच्या डब्यावर ९८० अंश, १०९० अंश (सेल्सिअस) असे आकडे छापलेले असतात आणि गिऱ्हाईक त्यावरून कोटिंग किती वर्षं टिकेल याचा अंदाज बांधतं. आकडा खोटा नसतो. इतक्या उष्णतेत हा थर जळून जाणार नाही, एवढंच तो सांगतो. थर पाइपला धरून राहील का, याबद्दल त्यात काहीच नसतं. मी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून निघणारा वायू गोळा करणारा पाइपांचा जोड) आणि डाउनपाइप (त्यापुढे खाली उतरणारा पाइप) बनवतो, त्यांना कोटिंग करतो आणि दुसरीकडे कोटिंग होऊन सोललेले पार्ट साफही करतो. सुटलेले पोपडे मी फेकत नाही, एका डब्यात मागची बाजू वर करून ठेवतो. कोटिंग का गेलं हे मागून जितकं कळतं तितकं समोरून कळत नाही. बहुतेक पोपडे एकच सांगतात: थर ठीक होता, त्याच्या खालचं काम ठीक नव्हतं.

म्हणून या लेखात डबा कोणता घ्यायचा हे थोडक्यात, आणि त्याखालची तयारी सविस्तर.

कोणतं कोटिंग कुठे

सिरॅमिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने तीन. पहिली, स्प्रे गनने मारायची पातळ फिल्म. सिलिकॉन रेझिनमध्ये सिरॅमिकची पूड मिसळलेली असते, जाडी साधारण २५ मायक्रॉन. पार्ट खूप तापला की रेझिनमधला सेंद्रिय भाग जळून जातो, मागे सिलिकाची जाळी उरते आणि तीच पूड धरून ठेवते. काही हवेत सुकतात, काहींना भट्टी लागते.

दुसरी चांदीसारखी चकचकीत. हिच्यात ॲल्युमिनियमची पूड असते आणि घासून चमक आणतात. दिसायला सगळ्यात देखणी. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे ७०० च्या पुढे ही करडी पडते आणि मग धरही सोडते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर चाक फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या हेडरवर, म्हणजे पाइपांपासून बनवलेल्या मॅनिफोल्डवर, ती छान टिकते. टर्बोच्या अलीकडे ती मारून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

तिसरी प्लाझ्मा स्प्रे. झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) पूड प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात वितळवून पार्टवर आपटवतात. थर ०.३ मिलिमीटरच्या आसपास, आणि खाली निकेल-क्रोम किंवा निकेल-ॲल्युमिनियमचं धातूचं अस्तर. जेट इंजिनातल्या पात्यांवर याच घराण्यातला थर असतो. शुद्ध झिर्कोनियाची स्फटिकरचना ११७० अंशांच्या आसपास बदलते, त्यात आकारमान चार-पाच टक्क्यांनी हलतं आणि थर स्वतःच तडकतो. म्हणून त्यात सात-आठ टक्के यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) घालून तिला बांधून ठेवलेलं असतं. हे काम घरी होत नाही, यंत्र लागतं.

निवडताना गाडीचा विचार करा. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट वायू टर्बाइनच्या (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या चाकाच्या) तोंडाशी ९०० ते १०५० अंशांपर्यंत जातो. डिझेलचा साधारण ७०० ते ८५०. पाइपची धातू वायूपेक्षा थंड असते, कारण ती बाहेरून उष्णता सोडत असते. हा फरक पुढे थर्मल रॅपच्या (पाइपला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीच्या) वेळी महत्त्वाचा ठरतो.

खालची धातू कोणती आहे

हा प्रश्न कोटिंगवाल्याने तुम्हाला विचारलाच नाही, तर तिथून उठा.

तापली की प्रत्येक धातू वाढते, पण सारखी वाढत नाही. एक मीटर लांबीचा ३०४ स्टेनलेसचा पाइप ७०० अंशांनी तापवला तर तो बारा-तेरा मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचा झिर्कोनियाचा थर सुटा असता तर सातेक मिलिमीटर वाढला असता. बीड (ओतीव लोखंड) आणि साधं पोलाद या दोघांच्या मधे बसतं, साडेआठ ते दहा मिलिमीटर. म्हणजे स्टेनलेसवरचा जाड थर प्रत्येक वेळी गाडी तापली की ताणला जातो, थंड झाली की सुटतो. प्लाझ्माच्या थरात बारीक छिद्रं आणि भेगा असतात त्या यासाठी उपयोगीच पडतात. पूर्ण घट्ट थर आधी फुटला असता. खालचं अस्तरही हा ताण थोडा स्वतःवर घेतं. पातळ फिल्म पातळ असल्यामुळेच तग धरते. ती दोन-तीन हात मारून जाड केली तर मजबूत होत नाही, तडकते. ‘अजून एक कोट मारा ना’ म्हणणाऱ्यांना हे समजावता समजावता माझा निम्मा दिवस जातो.

बीडाला अडचण वेगळीच. त्याच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी मुरलेली असते. साध्या पोलादाचा प्रश्न आणखी निराळा: साडेपाचशे अंशांच्या पुढे लोखंडावर काळी खपली भराभर चढते, आणि कोटिंगमधून हवा झिरपत असेल तर ती खपली थराच्या खाली वाढते. खालून वाढणारी खपली वरच्या थराला उचलून टाकते. तिथे कोटिंगचा दोष नसतो. पाइपच त्या जागेसाठी चुकीचा असतो.

तयारी

पार्टवरचं सगळं वेल्डिंग, फ्लँजचं (पाइपच्या टोकाच्या, बोल्ट लावायच्या जाड पट्टीचं) मशिनिंग, गाडीवर फिटिंग आणि गळतीची तपासणी कोटिंगच्या आधी. नंतर ‘एक छोटा ब्रॅकेट’ वेल्ड केला की त्याच्या भोवती दोन बोटं रुंद कडं जळतं.

वेल्डचे उडालेले छर्रे छिन्नीने काढा, कडा फाइलने गोल करा. धारदार कडेवर ओली फिल्म ताणून पातळ होते आणि पहिली भेग तिथूनच निघते. फ्लँजच्या कडा, कलेक्टरचं (सगळे पाइप एकत्र येतात त्या भागाचं) तोंड, कापून जोडलेल्या पाइपचे कोपरे, सगळीकडे बोट फिरवून पाहा; बोटाला टोचलं तर फाइल मारा.

मग तेल. नवा पाइप असला तरी त्यावर वाकवताना लावलेलं तेल असतं. सॉल्व्हंटने धुवा, सुकवा. वापरलेला पार्ट असेल, विशेषतः बीडाचा मॅनिफोल्ड किंवा टर्बाइन हाउसिंग, तर एवढ्यावर थांबू नका. भट्टीत ३०० अंशांच्या आसपास तासभर तरी भाजा. भाजताना धूर निघाला म्हणजे आत तेल होतं. धूर थांबेपर्यंत भाजायचं, थंड करायचं, पुन्हा धुवायचं. ही पायरी लोक टाळतात, कारण धुतल्यावर पार्ट स्वच्छ दिसतो. बीड स्वच्छ दिसतं, स्वच्छ असतंच असं नाही. कोटिंगनंतर भट्टीत जे तेल वर येतं, ते फिल्म फोडून येतं. भाजण्यासाठी घरातला स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. धूर विषारी असतो आणि त्याचा वास नंतर जात नाही.

त्यानंतर ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून पृष्ठभाग खडबडीत करणं. पातळ फिल्मसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, १०० ते १२० मेश (कणांच्या चाळणीचं माप). प्लाझ्मासाठी त्याहून जाडं, कारण जाड थराला धरायला खोल खडबड लागते. काचेचे मणी वापरू नका. त्यांनी पृष्ठभाग सुंदर साटिनसारखा होतो आणि नेमका म्हणूनच कामाचा राहत नाही. मणी धातूला ठोकून सपाट करतात, कोटिंगला पाहिजे असतात बारीक टोकदार खळगे. वाळू तर अजिबात नको. तिच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची खराब होतात. कोणतंही ब्लास्टिंग करा, मास्क चांगल्या प्रतीचा आणि तोंडावर घट्ट बसणारा हवा.

कॉम्प्रेसरच्या हवेत तेल-पाणी येतंय का ते आधी पाहा: पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारा, डाग पडला तर फिल्टर बदला. ब्लास्ट झालेल्या धातूला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा ठसा कोटिंगखाली आहे तसा राहतो आणि पार्ट तापल्यावर त्या ठशाच्याच आकाराचा पोपडा निघतो. तसा एक माझ्या डब्यात आहे, अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. साध्या पोलादावर दमट हवेत काही तासांत पिवळट गंज धरतो, म्हणून ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच दिवशी.

कुठे मारायचं नाही

मॅनिफोल्डमध्ये फारशी गुंतागुंत नाही. गॅस्केटचे पृष्ठभाग आणि आटे झाका, बस. ऑक्सिजन सेन्सरचे आटे मुद्दाम झाका. एका वायरचा जुना सेन्सर अर्थिंग तिथूनच घेतो.

टर्बोवर मात्र प्रत्येक जागा विचारून झाकावी लागते. टर्बाइन हाउसिंगच्या आतला जो भाग चाकाला लागून असतो तिथे फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि चाक मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेत असतं. तिथे थर जाता कामा नये. वेस्टगेटची (जादा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेची) सीट, तिच्या दांड्याची बुश, व्ही-बँड क्लॅम्प (दोन तोंडं आवळून जोडणारा पट्टा) बसतो ती उतरण, बेअरिंग हाउसिंग (चाकाचा दांडा धरणारा मधला भाग) बसते ती जागा, सगळं झाका. क्लॅम्पखालचा थर गरम-थंड होताना चुरडतो, क्लॅम्प ढिला होतो आणि गळती सुरू होते. मग गॅस्केटला दोष दिला जातो. बेअरिंग हाउसिंगला बाहेरून मी कोटिंग करत नाही. त्या भागाने उष्णता सोडावी हेच बरं, नाहीतर इंजिन बंद केल्यावर आतलं तेल करपतं.

मॅनिफोल्डच्या आतून कोटिंग करायचं का, हे सारखं विचारलं जातं. टर्बो नसेल तर करा. पुढे टर्बो असेल तर मी करत नाही. आतून सुटलेला पोपडा कुठे जाणार? सरळ टर्बाइनच्या चाकावर. मिळणारा फायदा त्या चाकाच्या बदल्यात परवडत नाही. टर्बोच्या पुढे डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असेल तर त्याच्या अलीकडेही हेच.

मारणं आणि भाजणं

फवारणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पार्ट कोमट करून मारला तर ओघळ कमी येतात. वेल्डच्या खाचा आणि पाइपांच्या मधल्या बेचक्या आधी, मोकळी जागा नंतर. उलट केलं की मोकळ्या जागेवर थर दुप्पट होतो. जाडी मोजायचा गेज असेल तर लक्षात ठेवा, बीड आणि साध्या पोलादावर चुंबकीय गेज चालतो, ३०४ स्टेनलेसवर नाही. तिथे एडी करंटचा (धातूत विजेचे भोवरे निर्माण करून मोजणारा) लागतो. कामाच्या शेजारी त्याच धातूची एक पट्टी टांगून तिच्यावरही मारा. पुढे चाचणी तिची घ्यायची, पार्टची नाही.

भट्टीत तापमान डब्यावर सांगितलंय तेच, पण ते पार्टचं तापमान असलं पाहिजे. भट्टीचा काटा २५० दाखवत असतो तेव्हा जाड फ्लँज अजून दीडशेवर असू शकतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फ्लँजला बांधा आणि वेळ तिथून मोजा. तापमान हळू चढवा, म्हणजे सॉल्व्हंट निघून जायला सवड मिळते. घाई केली की फोड.

हवेत सुकणारी फिल्म स्पर्शाला तासाभरात कोरडी वाटते, पण पूर्ण कडक व्हायला काही दिवस घेते. तोवर पाना निसटून लागला तर ओरखडा पडणारच.

पट्टी थंड झाल्यावर ब्लेडने तिच्यावर चौकटी कापा, चिकट टेप दाबून लावा, झटक्यात ओढा. चौकोन टेपला आले तर पार्ट गाडीवर चढवू नका. टेपला पास झालेली पट्टी मी नंतर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतो, दोन-चार वेळा. गाडीवर एवढा धक्का कधी बसत नाही, पण जिथे धर कच्चा आहे तिथे लगेच कळतं.

पहिले काही तास

नवं बांधलेलं इंजिन नव्या कोटिंगवर सुरू करू नका. अशा वेळी टायमिंग अजून जुळवलेलं नसतं. ठिणगी उशिरा पडत असेल तर जळणं एक्झॉस्टमध्ये चालू राहतं आणि हेडर काही मिनिटांत लालभडक होतो. इंजिन जुन्या मॅनिफोल्डवर बसू द्या, ट्यून होऊ द्या, मग कोटिंग केलेला चढवा.

पहिल्यांदा दहाएक मिनिटं आयडलवर, मग पूर्ण थंड. दुसऱ्यांदा थोडं जास्त, पुन्हा थंड. तिसऱ्यांदा हलक्या पायाने फेरी. मोकळ्या हवेत करा, धूर येतो. त्याआधी पार्टवरचे हाताचे आणि ग्रीसचे डाग सॉल्व्हंटने पुसा.

नंतर कधी अंधारात पाइपचा रंग पाहायला मिळाला तर पाहून घ्या. जेमतेम दिसणारा लाल म्हणजे पाचशेच्या थोडं वर, गडद लाल म्हणजे ७०० ते ७५०, नारिंगी म्हणजे ९०० च्या आसपास. पातळ फिल्मच्या मॅनिफोल्डला नारिंगीवर रोज नेत असाल तर तक्रार करायला येऊ नका.

उष्णता किती अडते

इथे मी विक्रेत्यांशी भांडतो. सातशे अंशांवरचा काळपट पाइप दर चौरस मीटरमागे साधारण ४० ते ५० किलोवॅट उष्णता नुसती किरणांनी फेकत असतो. एवढी उष्णता २५ मायक्रॉनच्या थरातून जाताना थराच्या दोन बाजूंत फरक पडतो दोन-चार अंशांचा. प्लाझ्माच्या ०.३ मिलिमीटरच्या थरातही तो पंधराएक अंशांचाच येतो. म्हणजे पाइपवरचा थर गोधडीसारखं काम करत नाही. काम होतं ते पृष्ठभाग कमी किरण सोडतो म्हणून. चांदी रंगाच्या आणि पांढऱ्या थराचा फायदा मुख्यतः तिथून येतो. काळ्या फिल्मकडून गंज थांबवण्यापलीकडे मी फार अपेक्षा ठेवत नाही, आणि गंज थांबणं हे छोटं काम नाही.

‘कोटिंगनंतर दोनशे अंश उतरले’ असं इन्फ्रारेड गनवर दाखवलं जातं. गन मोजते किरण. ती काळ्या पृष्ठभागासाठी सेट केलेली असते. समोर चांदी रंगाचा थर आला की धातू तितकीच गरम असूनही आकडा शे-दोनशेने खाली येतो. खरं मोजायचं तर ज्या गोष्टीला वाचवायचंय तिचं मोजा: शेजारची वायर, ब्रेकचा पाइप, इनटेकची हवा. तिथे थर्मोकपल बांधा, आधी आणि नंतर.

बॉनेटखालची उष्णता खरोखर खूप कमी करायची असेल तर टर्बोला ब्लँकेट, पाइपला हीट शील्ड. कोटिंगवर रॅप गुंडाळता येतो, पण मग धातू उष्णता सोडू शकत नाही आणि वायूच्या तापमानाजवळ जाते. उघड्या पाइपवर सुखाने राहणारी फिल्म रॅपखाली भुकटी होऊ शकते. रॅप करणार असाल तर कोटिंग निवडायच्या आधी सांगा.

पोपडा वाचणं

सोललं तर लगेच घासून काढू नका. आधी एक तुकडा नखाने उचला आणि उलटा करा.

मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत, पाइपची धातूही चकचकीत: ब्लास्टिंग झालंच नाही किंवा काचेच्या मण्यांनी झालं. थराला धरायला काही नव्हतं. असा पोपडा मोठ्या पापुद्र्यासारखा निघतो, आणि लवकर निघतो.

मागे काळी किंवा लालसर खपली चिकटून आलेली: धातू खालून जळतेय. पाइप साध्या पोलादाचा आहे का, रॅप आहे का, हवा-इंधनाचं मिश्रण किंवा टायमिंग बिघडलंय का, हे बघा. पुन्हा तेच कोटिंग मारून उपयोग नाही.

मागे तपकिरी तेलकट डाग, आणि शेजारी फोड: भाजणं अर्धवट. बीडावर फार दिसतं.

पोपडा नाहीच, बोट फिरवलं की भुकटी येते: थराच्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं. हे बहुतेक एकाच सिलिंडरच्या पाइपवर किंवा कलेक्टरवर असतं. एकाच सिलिंडरवर असेल तर इंजेक्टर तपासा. मिसफायरचं न जळलेलं पेट्रोलही पुढे जाऊन तिथेच पेटतं. अशा वेळी कोटिंगने तुम्हाला इंजिनाचा आजार फुकटात दाखवलेला असतो.

सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा: थर जाड. फक्त वेल्डच्या कडेने गेलेलं: छर्रे किंवा खाचेत राहिलेली घाण. फक्त डाउनपाइपच्या खालच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी: दगडांचा मार. हा शेवटचा प्रकार कुणाचाच दोष नाही.

देखभाल आणि डागडुजी

इंजिन धुताना तीव्र अल्कली क्लीनर चांदी रंगाच्या कोटिंगवर जाऊ देऊ नका, त्यातलं ॲल्युमिनियम तो खातो. तारेचा ब्रश नको. गरम मॅनिफोल्डवर थंड पाण्याचा फवारा नको. थरापेक्षा वेल्डला ते जास्त महागात पडतं. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर थंड झालेला डाउनपाइप साध्या पाण्याने धुवा.

हवेत सुकणाऱ्या फिल्मला थोड्या जागेत दुरुस्ती चालते: सुटलेल्या जागेच्या पलीकडे घट्ट भाग लागेपर्यंत खरवडा, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कागदाने खडबडीत करा, सॉल्व्हंटने पुसा, पातळ कोट मारा. दगडाच्या ठिपक्यांना एवढं पुरतं. भट्टीवाली फिल्म आणि प्लाझ्मा यांना ठिगळ लागत नाही. सगळं ब्लास्ट करून पहिल्यापासून. आणि पोपड्याच्या मागे खपली निघाली असेल तर ब्लास्ट करायच्या आधी पाइपची जाडी दोन-चार ठिकाणी मोजून घ्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तो आधीच पातळ झालेला असतो, आणि कागदासारख्या पाइपवर कोटिंगचा खर्च करण्यापेक्षा ते वळण कापून नवं जोडलेलं बरं.